दुकान बुडालं, बातमी मात्र सौद्याची झाली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फ्यूचर रिटेल ही कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून ती बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठानं जुलै 2024 मध्ये दिला. मी ती बातमी अर्थविषयक पानावर, शेअरच्या भावांच्या शेजारी वाचली. बिग बझार चालवणारी कंपनी ती हीच, एवढी एक ओळ शेवटी होती. त्याआधी दोन-तीन वर्षं ॲमेझॉन, रिलायन्स, सिंगापूरचा लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांवर रकानेच्या रकाने छापून आले होते. ज्या दुकानांवरून हे भांडण चाललं होतं, तिथे पिशवी घेऊन जाणारी माणसं मात्र त्यात मला कुठे भेटली नाहीत. म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर जरूर काटछाट करा, पण लहान पुरवठादारांबद्दल पुढे जे लिहिलं आहे तेवढं कापू नका, ही विनंती.

मी ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या लोकांच्या डिलाईल रोडवर, लहानाची मोठी झाले. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. मी कामगारांच्या एका पतपेढीत लेखनिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कर्ज, तारण, थकबाकी, अवसायन या गोष्टी टेबलावर रोज येत असत, त्यामुळे एखादं दुकान का बुडालं हे मी जरा त्या बाजूनं बघते.

आमच्या घरातला किराणा तीन ठिकाणांहून यायचा. रेशनचं दुकान, कोपऱ्यावरचा वाणी आणि अपना बाजार. अपना बाजारची संस्था 1948 साली नायगावला कामगारांनी उभी केली. वडील तिचे सभासद होते, आणि तिथे जाताना ते धुतलेला शर्ट घालून जायचे, कारण दुकान आपलं आहे असं त्यांना वाटायचं. वाण्याकडे वही चालायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा या वहीनंच गिरणगाव जगवलं, हे वाण्यांच्या बाबतीत मी कधी विसरणार नाही. पण वहीवर माल घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, डाळ पसंत नसली तरी बदलून मागता येत नाही. आईला मी अनेकदा पुडी हातात घेऊन गप्प उभं राहिलेलं पाहिलं आहे.

2001 साली फ्यूचर समूहाचे किशोर बियाणी यांनी कोलकाता, बंगळूर आणि हैदराबादला बिग बझारची पहिली दुकानं काढली आणि पाठोपाठ मुंबईत लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारात. फिनिक्स ही 1905 ची गिरणी. तिची चिमणी तशीच उभी होती, पण खाली बोलिंगचा खेळ आला होता, काचेची दारं आली होती, आणि आमच्या चाळीतली माणसं तिथून जाताना सेनापती बापट मार्गाच्या पलीकडच्या बाजूनं जात. ज्यांच्या घरातल्या माणसानं त्या फाटकातून पाळ्या केल्या, त्यांनाच आत जायला संकोच वाटायचा. त्या आवारात आम्हाला बिनधास्त शिरता येईल असं पहिलं दार बिग बझारचं होतं. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. शनिवारी संध्याकाळी त्या दारात कोण उभं असायचं हे ज्यांनी पाहिलं आहे, ते माझ्याशी सहमत होतील. बीडीडी चाळीतल्या बायका, वरळी कोळीवाड्यातल्या बायका, स्टेशनवरून थेट आलेले कारकून, पोलीस लाइनीतली कुटुंबं, नव्यानं लग्न झालेली जोडपी.

आत गेल्यावर सगळ्यात आधी धान्य दिसायचं. तांदूळ, गहू, डाळी उघड्या ढिगात. तूरडाळ मुठीत घ्यायची, तळहातावर पसरायची, अंगठ्यानं दोन दाणे घासून तेल लावलेली आहे का ते बघायचं, एक दाणा दाताखाली चावायचा, आणि नाही आवडली तर तशीच परत ढिगात टाकायची. कुणी काही बोलायचं नाही. माझ्या शेजारच्या काकू तर तीन ढिगांतली डाळ तीन चिमटींत घेऊन खिडकीपाशी उजेडात जायच्या, मग परत येऊन पिशवी भरायच्या, वजन करून त्यावर चिठ्ठी चिकटवून घ्यायच्या. त्यांच्या तोंडावर तेव्हा जी हुशारी असायची ती मला आजही डोळ्यांपुढे दिसते. ज्या बाईनं आयुष्यभर वाण्यानं बांधून दिलेली पुडी मुकाट्यानं घरी आणली, तिला भाव वाचता येणं, वस्तू हाताळता येणं आणि नको म्हणता येणं ही फार मोठी गोष्ट होती.

गर्दी, लाउडस्पीकरवरच्या घोषणा, वाटेत मांडलेले बादल्यांचे मनोरे, चादरींचे ढीग, या सगळ्याला शिकलेले लोक नाकं मुरडायचे. हा पसारा मुद्दाम ठेवलेला होता. मोकळ्या, चकचकीत, रुंद वाटा दिसल्या की आपल्याकडचा साधा माणूस बिचकतो, हे महाग असणार म्हणून परत फिरतो, असं बियाणी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. आमच्या भागातली माणसं त्यांनी बरोबर ओळखली होती असं मला वाटतं. स्टीलच्या डब्यांचा सेट, कुकर, शाळेचं दप्तर, पावसाळी चपला, गाद्यांच्या खोळी, मुंजीत द्यायच्या वस्तू, सगळं एका छपराखाली आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. मागे मागे फिरणारा विक्रेता नाही. कपडे अंगाला लावून बघायचे, आरशात बघायचं, परत ठेवायचे.

2006 च्या प्रजासत्ताक दिनी 'सबसे सस्ता दिन' सुरू झाला. त्या दिवशी इतकी गर्दी उसळली की काही ठिकाणी पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुढे दर वर्षी जानेवारी आला की चाळीत याद्या व्हायच्या. जुन्या वस्तू द्या आणि कुपन घ्या अशीही एक योजना असायची. रद्दी, फुटक्या बादल्या, जुने कपडे वजनावर जायचे. ती कुपनं ठरावीक प्रमाणातच खरेदीत वापरता येत, त्यामुळे शेवटी दुकानाचाच फायदा होई, हे आम्हाला कळत होतं. तरीही माळा रिकामा व्हायचा आणि घरात नवं काहीतरी यायचं.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्या आसपासच्या बारावी झालेल्या कितीतरी मुलींची पहिली नोकरी अशा दुकानांत झाली. दिवसभर उभं राहायचं काम, पगार फार नाही. पण बँकेत स्वतःच्या नावाचं खातं, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ओळखपत्र, गणवेश. पतपेढीत कर्जाला जामीन म्हणून अशा मुली यायला लागल्या तेव्हा आमच्या जुन्या संचालकांना ते पचायला वेळ लागला. वडिलांच्या कर्जाला मुलगी जामीन राहते, आणि तिच्याकडे पगाराची पावती आहे, हे आमच्या दप्तरात नवीन होतं.

आता ते बुडालं कसं, याकडे वळते. 'लोक ऑनलाइन घ्यायला लागले म्हणून अशी दुकानं गेली' असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. शेवटच्या चांगल्या दिवाळीपर्यंत पैसे द्यायच्या काउंटरवर रांगा होत्या. गिऱ्हाईक शेवटी गेलं. आधी माल गेला, आणि मालाच्या आधी पत गेली.

स्वस्त विकणाऱ्या दुकानाचं गणित सोपं असतं. प्रत्येक वस्तूवर सुटतात थोडे पैसे, म्हणून माल झपाट्यानं फिरला पाहिजे. माल येतो उधारीवर आणि विकला जातो रोखीनं, त्यामुळे पुरवठादाराचं देणं चुकतं करायच्या आधीच गल्ल्यात पैसे जमतात. हे पैसे आपले नाहीत, हे ज्याच्या लक्षात राहतं तो टिकतो. ज्याला ते आपले वाटतात तो त्यावर, आणि वर बँकेच्या कर्जावर, आणखी दुकानं काढत जातो. मग विक्री जरा जरी अडखळली तरी देणी एकदम अंगावर येतात. दुसरी गोष्ट, किराण्यावर फारसं सुटत नाही. अशा दुकानाचा खरा नफा कपड्यांवर असतो. डाळ-तांदूळ माणसाला आत आणतात, आणि जाता जाता घेतलेला शर्ट दुकान चालवतो.

फ्यूचर समूहाच्या डोक्यावरचं कर्ज काही टाळेबंदीत आलेलं नव्हतं. 2012 सालीच कर्जाचा भार कमी करण्यासाठी त्यांना आपली पॅन्टलून्सची दुकानं आदित्य बिर्ला समूहाला द्यावी लागली होती. त्यानंतरही विस्तार आणि कर्ज दोन्ही चालूच राहिलं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. किराणा विकायला मुभा होती, कपडे विकायला नव्हती. म्हणजे कमी सुटणारा माल चालू आणि नफ्याचा माल बंद. भाडी, पगार, व्याज तसंच. ऑगस्ट 2020 मध्ये 24,713 कोटी रुपयांना हा व्यवसाय रिलायन्सला विकण्याचा करार जाहीर झाला. ॲमेझॉननं 2019 मध्ये समूहातल्या दुसऱ्या एका कंपनीत पैसे गुंतवले होते, त्या कराराच्या आधारे त्यांनी हरकत घेतली, आणि प्रकरण सिंगापूरच्या लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कोण बरोबर होतं हे ठरवणं माझं काम नाही. मला एवढंच दिसतं की वकील बोलत होते तेवढा काळ दुकानं पैशांवाचून होती.

हे आतून कसं दिसत होतं तेही सांगते. आधी एकेका वस्तूचे प्रकार कमी झाले. मग फळीवर पुढच्या कडेला एकच रांग मांडलेली, मागे हात घातला तर पत्रा लागायचा. एकाच प्रकारच्या बिस्किटांनी भिंतभर मांडणी भरलेली, कारण दुसरं काही आलेलंच नव्हतं. धान्याचे ढीग खाली खाली गेले आणि शेवटी तिथे पाकिटं आली. काम करणारी मुलं त्याच चार वस्तू सारखी सरळ करत राहायची. त्यांना विचारलं तर म्हणायची, 'येईल माल पुढच्या आठवड्यात.' ती खोटं बोलत नव्हती, त्यांनाही तेच सांगितलेलं असणार.

भाडी थकल्यामुळे अनेक जागांचे करार रिलायन्सनं आधीच स्वतःच्या नावावर घेतले होते. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये तारणधारक बँकांनी मूळ सौदाच नामंजूर केला आणि जुलै 2022 मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुष्कळ ठिकाणी त्याच जागी स्मार्ट बझार नावानं दुकान सुरू झालं, तिथल्या कर्मचाऱ्यांना कामावर घेण्याचंही जाहीर झालं, ही चांगली गोष्ट झाली आणि ती मान्य केली पाहिजे.

तुलना करायचीच तर डीमार्टशी करावी. त्यांचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईला निघालं, म्हणजे दोघांचा काळ एकच, गिऱ्हाईकही बरंचसं एकच. पण डीमार्टचे राधाकिशन दमाणी यांनी सावकाश दुकानं वाढवली, शक्य तिथे जागा विकत घेतली आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात माल स्वस्तात मिळवला. डीमार्टमध्ये ना कसला थाट आहे ना कसली धमाल, आणि खरं सांगायचं तर मला तिथे बिग बझारसारखी मजा कधी आली नाही. पण ते उभं आहे. दोन्ही दुकानं याच शहरात, याच लोकांच्या पैशांवर वाढली, आणि टाळेबंदी दोघांनाही आली. म्हणून मी म्हणते, दोष गिऱ्हाइकाला देऊ नका.

आता ज्या भागासाठी हे पत्र लिहिलं त्याकडे येते.

आमच्या पतपेढीचा एक कर्जदार धारावीत दप्तरं आणि प्रवासी पिशव्या शिवायचा. चार मशिनं, भावकीतलीच माणसं. एका मोठ्या दुकानसाखळीचं काम त्याला मिळालं तेव्हा त्यानं आम्हाला पेढे दिले होते. त्या साखळीचं नाव मी इथे लिहीत नाही. दोन हंगाम बरे गेले. मग बिलं अडकायला लागली. तो कर्जाच्या नूतनीकरणाला आला तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत बिलांच्या प्रती घेऊन आला होता. प्रत्येकीवर माल मिळाल्याचा शिक्का, तारीख, सही. मी त्या तारखेप्रमाणे लावल्या. सगळ्यात जुनं बिल मागच्या शाळेच्या हंगामातलं होतं. ती दप्तरं घेऊन मुलं वर्षभर शाळेत जाऊन आली होती, आणि शिवणाऱ्याला कापडाचेही पैसे मिळाले नव्हते. आमच्या नियमांत अशी बिलं तारण म्हणून चालत नव्हती. त्यानं दोन मशिनं विकून आमचा हप्ता भरला.

लहान उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात 45 दिवसांच्या आत पैसे देण्याचं बंधन आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे. पण ज्याचं पुढचं काम त्याच एका गिऱ्हाइकावर अवलंबून आहे, तो तक्रार करतो कुठे? आणि कंपनी एकदा अवसायनात गेली की 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला वाटपाचा क्रम लागू होतो. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचं 24 महिन्यांपर्यंतचं येणं आणि तारण सोडून दिलेल्या तारणधारक बँका, दोघं एका पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचं 12 महिन्यांपर्यंतचं वेतन. मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारी देणी. दप्तरं शिवणारा या सगळ्यांच्या खाली, भागधारकांच्या जरासा वर. तिथपर्यंत पैसा पोचतो का, हे अवसायन पाहिलेल्या कुणालाही विचारा.

बँकेकडे तारण असतं, वकील असतो, आणि कर्ज बुडालं तर तिला ताळेबंदात तरतूद करता येते. चार मशिनवाल्याकडे यातलं काही नसतं. माझं म्हणणं असं की लहान पुरवठादाराचं एका ठरावीक मर्यादेपर्यंतचं येणं कामगारांच्या येण्याबरोबरीनं वरच्या पायरीवर धरावं. मर्यादा किती असावी हे जाणकारांनी ठरवावं. त्याचा माल म्हणजे त्याची आणि त्याच्या घरच्यांची मजुरीच आहे, ती कामगाराच्या मजुरीपेक्षा वेगळी धरण्याचं कारण मला दिसत नाही. संहितेत वेळोवेळी दुरुस्त्या होत आल्या आहेत. आपल्या भागातल्या खासदारांनी हा मुद्दा लोकसभेत मांडावा, आणि आपल्या वृत्तपत्रानं त्यांना तसं विचारावं.

दुसरी मागणी गिरणगावापुरती आहे. गिरण्यांच्या जमिनी विकसित करताना काही हिस्सा मोकळ्या जागेसाठी, काही हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी असा नियम झाला. तो किती पाळला गेला, 2001 मध्ये तो नियम बदलल्यावर त्यातून काय उरलं, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पण त्या घरांत राहायला येणाऱ्या माणसांनी बाजारहाट कुठे करायचा याचा विचार कुठेच नव्हता. फिनिक्सच्या आवारात पुढे पॅलेडियम आलं, परदेशी नावांची दुकानं आली. ती असायला माझी हरकत नाही. मात्र जिथे साधी चादर आणि महिन्याचा किराणा मिळेल अशी जागा बाजाराच्या भाड्यात बसत नाही, हे उघड आहे. आमच्यासाठीचं एक दार होतं ते कुणा एकाच्या पुढाकारातून उघडलं होतं, आणि त्याचं कर्ज बुडालं तेव्हा तेही गेलं.

म्हणून यापुढे अशा जमिनींवर बांधकामाला परवानगी देताना तळमजल्यावरची काही जागा ग्राहक सहकारी संस्थांना किंवा बचत गटांच्या दुकानांना सवलतीच्या भाड्यानं देण्याची अट महापालिकेनं घालावी. अपना बाजार कामगारांनी पै पै जमवून उभा केला तेव्हा त्यांच्याकडे याहून कमी होतं. आज सहकारी दुकानं मागे पडली त्याला त्यांचा कारभारही कारण आहे, हे मी पतपेढीत काम केलेली बाई म्हणून नाकारत नाही. हिशेब दर महिन्याला दुकानात लावायची सक्ती करा, उधारीच्या मालावर मर्यादा घाला, सभासदांना पुस्तकं बघू द्या. आमच्या भागात निवृत्त झालेली, हिशेब लिहिता येणारी माणसं पुष्कळ आहेत, मी त्यातली एक आहे, आणि असं काम निघालं तर विनामूल्य बसायला तयार आहे. प्रभागातल्या ज्या कुणाला यात रस असेल त्यांनी वृत्तपत्राच्या पत्त्यावर लिहावं, आणि ती पत्रं आपण माझ्याकडे पाठवावीत, एवढी तसदी घ्याल अशी आशा आहे.

आपली,
पतपेढीतील एक निवृत्त लेखनिक,
ना. म. जोशी मार्ग, मुंबई